विनाचालक विजेची गाडी ‘शिकते’ म्हणजे नेमकं काय करते?

रोहित्र (धागालेखक)

‘गाडी जितकी जास्त फिरते तितकी हुशार होते’ असं बातम्यांत सर्रास लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. रस्त्यावर धावताना गाडीतल्या न्यूरल नेटवर्कचे (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामचे) वेट्स, म्हणजे ज्या आकड्यांत तिचं सगळं शिक्षण साठवलेलं असतं ते आकडे, गोठवलेले असतात. सकाळी डेपोतून निघालेली गाडी रात्री परत येते तेव्हा तिचे वेट्स जसेच्या तसे असतात. बदल होतो तो डेटा सेंटरमध्ये. तिथून तो सॉफ्टवेअर अपडेट म्हणून सगळ्या गाड्यांत उतरतो.

प्रत्येक गाडी आपापली शिकू लागली तर आठवड्याभरात हजार गाड्यांची हजार वेगळी सॉफ्टवेअरं होतील, आणि चाचणीतून गेलेलं त्यातलं एकही नसेल. शिवाय गाडीतली चिप तयार नेटवर्क चालवण्यासाठी बनवलेली असते. ती बहुतेक गुणाकार ८ बिटच्या पूर्णांकांत उरकते. ट्रेनिंगमधले बारीक बदल इतक्या खडबडीत आकड्यांत मावत नाहीत.

शिकण्याची क्रिया ऐकायला सोपी आहे. चित्र द्यायचं, नेटवर्कचं उत्तर घ्यायचं, त्या क्षणी खऱ्या चालकाने काय केलं होतं त्याच्याशी ताडून चूक मोजायची, आणि ती किंचित कमी होईल अशा बेताने सगळे वेट्स इवलेसे सरकवायचे. हेच लाखो वेळा. याला अनुकरणाने शिकणं म्हणतात आणि खरी गोम इथेच आहे.

चांगला चालक लेनच्या मधोमध चालवतो. म्हणजे ‘गाडी कडेला घसरली आहे, आता परत आत कसं यायचं’ याची चित्रं त्याच्या डेटात जवळजवळ नसतातच. नेटवर्क थोडं चुकतं, गाडी वीतभर बाहेर जाते, समोरचं दृश्य ओळखीचं राहत नाही, म्हणून पुढची चूक आणखी मोठी होते. २०११ मध्ये रॉस, गॉर्डन आणि बॅग्नेल यांनी हे गणिताने मांडलं: नुसत्या अनुकरणात एकूण चूक, वाईटात वाईट परिस्थितीत, वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवास दहापट, तर चूक शंभरपट. उपायही त्यांनीच दिला. नेटवर्कला चालवू द्या, ते जिथे भरकटेल तिथे चालकाने काय केलं असतं ते विचारून घ्या, ती उत्तरं डेटात घाला आणि पुन्हा ट्रेन करा.

चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१६ मध्ये यावर स्वस्तातली युक्ती वापरली. काचेमागे एकाऐवजी तीन कॅमेरे: डावा, मधला, उजवा. डाव्या कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे गाडी डावीकडे सरकली असती तर जे दिसलं असतं ते. त्याला मूळ स्टिअरिंगचं लेबल, म्हणजे ‘बरोबर उत्तर’, न लावता ‘दोन सेकंदांत मूळ जागी आणणारं स्टिअरिंग’ असं दुरुस्त लेबल लावलं. चूक न करताच चुकीतून सावरण्याचा डेटा मिळाला. नेटवर्क आजच्या मानाने चिमुकलं होतं: ९ थर, साधारण अडीच लाख वेट्स, ६६ × २०० पिक्सेलचं चित्र.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

शेंगदाणा

वाचनखूण साठवली आहे. सावकाश वाचून शंका विचारतो.

सातवा_गिअर

एक दुरुस्ती. ‘गाडी रस्त्यावर शिकत नाही’ हे आजच्या गाड्यांबद्दल बरोबर आहे, पण पहिली नावाजलेली गाडी चक्क रस्त्यावरच शिकायची. कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमर्लो यांनी १९८९ मध्ये मांडलेलं ॲल्विन हे नेटवर्क. ३० × ३२ पिक्सेलचं चित्र, मधल्या थरात फक्त २९ न्यूरॉन, आणि डावीकडून उजवीकडे ४५ आउटपुट. जो सर्वांत जास्त पेटेल तिकडे वळायचं. सुरुवातीला ते संगणकाने काढलेल्या १२०० रस्त्यांच्या चित्रांवर शिकलं. नंतरच्या आवृत्तीत माणूस काही मिनिटं गाडी चालवायचा आणि नेटवर्क तिथल्या तिथे शिकायचं.

तुमची तीन कॅमेऱ्यांची युक्तीही मुळात तिथलीच. पॉमर्लो एका चित्रापासून गाडी तिरकी किंवा सरकलेली असल्यासारखी आणखी १४ चित्रं बनवायचे आणि प्रत्येकाला सुधारलेलं स्टिअरिंग जोडायचे.

त्यात एक घोटाळाही होता. सरळ रस्त्यावर पाच मिनिटं शिकवलं की नेटवर्क आधी शिकलेली वळणं विसरायचं. म्हणून जुन्या-नव्या चित्रांचा साठा राखून त्यात डावी आणि उजवी वळणं समतोल ठेवावी लागत. गाडीला रस्त्यावर शिकू न देण्याचं हे तिसरं कारण.

रोहित्र (धागालेखक)

@सातवा_गिअर, दुरुस्ती मान्य. विसरण्याचा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा होता.

अर्धवट_शहाणा

मग चालक मध्येच स्टिअरिंग हातात घेतो किंवा ब्रेक मारतो, ते वाया जातं का? की सगळं चित्रण कंपनीकडे जातं?

मृगजळ

सगळं पाठवणं शक्यच नाही. हिशोब करून बघा. टेस्लाने २०२१ मध्ये सांगितलेली मांडणी धरू: ८ कॅमेरे, प्रत्येकी १२८० × ९६०, १२ बिट, सेकंदाला ३६ चित्रं. एका कॅमेऱ्याचे सेकंदाला सुमारे ५३ कोटी बिट होतात. आठांचे मिळून सेकंदाला अर्ध्या जीबीहून थोडं जास्त, म्हणजे तासाला जवळपास १.९ टीबी. कॉम्प्रेस केलं तरी लाखो गाड्यांचं हे ओझं कुठलंही मोबाइल नेटवर्क उचलणार नाही, आणि त्यातलं बहुतांश ‘सरळ रस्ता, पुढे एक पांढरी गाडी’ एवढंच असतं.

म्हणून गाडीत ट्रिगर बसवतात. शेवटच्या काही सेकंदांचं चित्रण मेमरीत फिरत राहतं आणि अट जुळली की तेवढाच तुकडा राखला जातो. अटी साधारण अशा: चालकाने अचानक ब्रेक मारला, कॅमेऱ्याने सांगितलेलं अंतर आणि रडारने सांगितलेलं अंतर जुळेना, वस्तूचं वर्गीकरण सेकंदभरात तीनदा बदललं. शॅडो मोडही यातलाच: माणूस चालवत असतो, नेटवर्क मागे बसून ‘मी असतो तर काय केलं असतं’ ते मोजतं आणि दोघांत मोठा फरक पडला की तुकडा राखला जातो.

नंतर लेबलिंग. नुसतं ‘चालकाने काय केलं’ एवढं पुरत नाही, समोर काय होतं तेही शिकवावं लागतं. न्यूसीन्स हा बॉस्टन आणि सिंगापूरचा खुला डेटासेट पाहा. २० सेकंदांचे १००० तुकडे, म्हणजे जेमतेम साडेपाच तासांचं चित्रण. त्यातली सेकंदाला दोनच चित्रं लेबल केली, तरी १४ लाख त्रिमिती चौकटी आखाव्या लागल्या.

म्हणून मोठ्या कंपन्या ऑटोलेबलिंग करतात, म्हणजे नेटवर्ककडूनच लेबलं लावून घेतात, आणि त्यातली मेख फार सुंदर आहे. डेटा सेंटरमधल्या नेटवर्कला त्या तुकड्याचं भविष्य माहीत असतं. ट्रकमागे झाकलेली सायकल तीन सेकंदांनी बाहेर येणार आहे हे पुढची चित्रं बघून कळतं. मग उलट मागे येऊन झाकलेल्या क्षणांनाही ‘इथे सायकल आहे’ असं लेबल लावता येतं. गाडीतल्या नेटवर्कला भविष्य दिसत नाही. त्याला ते अंदाजाने ओळखायला शिकवायचं असतं.

भारताबद्दल कुणी विचारण्याआधीच: हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने पुढाकार घेऊन इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट केला आहे. हैदराबाद, बंगळुरू आणि आसपासच्या रस्त्यांवरची सुमारे १०,००० चित्रं, ३४ वर्ग. रिक्षाला स्वतंत्र वर्ग आहे, जनावरांनाही. पण सर्वांत मोलाचा वर्ग म्हणजे ‘रस्ता नाही, पण गाडी घालता येईल अशी जागा’. जर्मनीत रस्ता फुटपाथच्या कडेशी संपतो. आपल्याकडे डांबर संपतं, मग खडी, मग माती, आणि वाहतूक तिन्हींवरून चालू असते. हा वर्गच नसेल तर नेटवर्क एक तर मातीला भिंत समजतं किंवा पूर्ण मोकळा रस्ता.

खोडसाळ

धागालेखकाचं नाव ‘रोहित्र’. यात ट्रान्सफॉर्मर कुठे येतो? (हलके घ्या.)

मृगजळ

येतो की. आठ कॅमेऱ्यांची आठ सपाट चित्रं असतात, पण गाडी चालवायला हवा असतो वरून दिसणारा एकच नकाशा. पूर्वी प्रत्येक कॅमेऱ्यात वस्तू वेगळी ओळखून नंतर भूमितीने सांधायचे. लांबलचक ट्रेलर तीन कॅमेऱ्यांत तुकड्या-तुकड्यांत दिसला की त्याची तीन वेगवेगळी वाहनं व्हायची. शिवाय रस्ता सपाट आहे असं धरलेलं असायचं. चढ आला की अंतरं बोंबलली. ट्रान्सफॉर्मर नावाच्या नेटवर्कच्या रचनेत नकाशातला प्रत्येक चौकोन आठही चित्रांना ‘माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे?’ असं विचारतो आणि कुठल्या चित्राच्या कुठल्या भागाकडे किती लक्ष द्यायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकतो. वीजमंडळाच्या रोहित्राशी नातं फक्त नावापुरतं.

कोनमापक

नेटवर्कची एवढी चर्चा झाली, पण प्रत्यक्षात निम्म्या भानगडी त्याच्या आधीच्या असतात. कोन आणि वेळ.

कोन: कॅमेरा अर्ध्या अंशाने फिरला, तर ५० मीटरवरची वस्तू ४४ सेंटिमीटर सरकलेली दिसते. एक अंश म्हणजे ८७ सेंटिमीटर; दुचाकी शेजारच्या लेनमध्ये आहे की आपल्या, हा निर्णयच उलटतो. काच बदलली, बंपरला धक्का बसला, डिकीत वजन भरून नाक वर आलं, एवढ्याने हे होतं. म्हणून गाडी चालता चालता लेनच्या रेषा जिथे क्षितिजावर मिळतात तो बिंदू तपासून स्वतःचं कॅलिब्रेशन सुधारत राहते. गोठवलेल्या गाडीत खरोखर ‘बदलत’ राहणारी गोष्ट असेल तर हीच.

वेळ: ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कॅमेरा आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) यांच्या घड्याळांत ५० मिलिसेकंदांचा फरक असेल तर एकच खांब दोन ठिकाणी दिसेल, ८३ सेंटिमीटर अंतराने. फिरणाऱ्या लायडारची एक फेरी १० हर्ट्झला १०० मिलिसेकंदांची असते. तेवढ्यात गाडी १.६७ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे फेरीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे बिंदू वेगळ्या जागेवरून मोजलेले. प्रत्येक बिंदू गाडीच्या हालचालीप्रमाणे परत सरकवावा लागतो. यासाठी सगळ्या सेन्सरांची घड्याळं पीटीपी या संगणक-जाळ्यातल्या पद्धतीने मायक्रोसेकंदांच्या आत जुळवतात. चित्राला वेळेचा शिक्का ते संगणकात पोचल्यावर मारला की घोळ झालाच समजा. शिक्का एक्स्पोजरच्या, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडत असतो त्या काळाच्या, मध्यावरचा हवा.

जाता जाता, एलईडी सिग्नल. हे दिवे सतत पेटलेले नसतात, वेगाने उघडझाप करतात. भर दुपारी कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एक मिलिसेकंदाहून कमी असतं. ते नेमकं दोन झापांच्या मध्ये पडलं की लाल दिवा विझलेला दिसतो. १०० हर्ट्झच्या दिव्याला पूर्ण पकडायला किमान १० मिलिसेकंद एक्स्पोजर हवं, आणि तेवढ्यात ताशी ६० ला गाडी १७ सेंटिमीटर सरकून चित्र फिसकटतं. म्हणून वाहनांसाठीच्या सेन्सरांत एकाच चित्रासाठी दोन प्रकारचे पिक्सेल वापरतात. असा डेटा न गाळता ट्रेनिंगला गेला तर नेटवर्क ‘विझलेला दिवा म्हणजे लाल’ असंही शिकू शकतं. लेबल करणाऱ्याने आधीच्या चित्रावरून लाल लिहिलेलं असतं ना!

डिझेलप्रेमी

थोडक्यात, लायडार नसेल तर गाडीत बसू नये. कॅमेरेवाले लोकांना उल्लू बनवतायत.

कोनमापक

इतकं सरळ नाही. लायडार अंतर थेट मोजतो (प्रकाश जाऊन येण्याच्या वेळेत एक नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटिमीटर), पण सिग्नलचा रंग त्याला दिसत नाही. ७७ गिगाहर्ट्झचा रडार पावसात टिकतो आणि वेग थेट देतो, पण कोनाच्या बाबतीत धूसर. रस्त्यावर बंद पडलेला ट्रक आणि वरची लोखंडी कमान साध्या रडारला सारखीच वाटू शकते, म्हणून जुन्या प्रणाली स्थिर प्रतिध्वनी सरळ टाकून देत. वेमो या विनाचालक टॅक्सी कंपनीच्या जॅग्वार आय-पेसवर २९ कॅमेरे, ५ लायडार आणि ६ रडार होते; सहाव्या पिढीत ते १३, ४ आणि ६ वर आले. टेस्लाने २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेत मॉडेल ३ आणि वाय मधला रडारही काढला. दोघांची गणितं वेगळी आहेत: एकाला ठरावीक शहरांत चालकाशिवाय चालवायचं होतं, दुसऱ्याला ग्राहकाला परवडेल अशा गाडीत लाखोंनी बसवायचं होतं.

संपादक

लायडार विरुद्ध कॅमेरा यासाठी वेगळा धागा काढावा. इथे तो न संपणारा वाद नको.

दिष्टधारा

शीर्षकात ‘विजेची’ आहे आणि अजून कुणी विजेवर बोललं नाही, म्हणून.

विनाचालक गाड्या बहुधा इलेक्ट्रिक असतात त्यामागे पर्यावरणापेक्षा नियंत्रणाचं कारण मोठं आहे. मोटरचा टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) मागितल्यावर काही दहा मिलिसेकंदांत मिळतो. इंजिन आणि गिअरबॉक्सला शेकडो मिलिसेकंद लागतात, आणि गिअर बदलताना मध्येच खड्डा पडतो. गाडीच्या प्रतिसादात असा विलंब असेल तर कंट्रोलर एक तर सुस्त ठेवावा लागतो किंवा गाडी झोके खाते.

पण ईव्हीचा स्वतःचा एक खोडा आहे, रीजन, म्हणजे मंदावताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत भरणं. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल किंवा फार थंड असेल तर ती चार्ज घेत नाही. म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीसारखी मंदावत नाही. डेपोतून पूर्ण भरून निघालेल्या टॅक्सीचे पहिले काही किलोमीटर असेच असतात. नेटवर्कला पेडलची स्थिती शिकवली असेल तर तेच उत्तर सकाळी आणि दुपारी वेगळा परिणाम देणार. म्हणून नेटवर्ककडून ‘इतका त्वरण हवा’ एवढंच मागायचं आणि तो रीजनमधून किती, घर्षणाच्या ब्रेकमधून किती, हे खालच्या कंट्रोलरवर सोडायचं. स्टिअरिंगचंही तसंच. एनव्हिडियाच्या त्या २०१६ च्या प्रयोगात कोन न शिकवता वक्रता, म्हणजे १ भागिले त्रिज्या, शिकवली होती. गाडी बदलली तरी वक्रता तीच राहते आणि सरळ रस्त्यावर आकडा अनंत न होता शून्य होतो.

दुसरा खर्च संगणकाचा. सेन्सर आणि संगणक मिळून १ किलोवॉट घेत असतील असं धरा. शहरात सरासरी ताशी २० ने चालताना किलोमीटरला ५० वॉट-तास झाले. गाडीचा स्वतःचा खर्च किलोमीटरला १५० असेल तर थेट एक तृतीयांश भर! १६ तासांच्या पाळीत १६ किलोवॉट-तास, साधारण १०० किलोमीटरची रेंज. महामार्गावर ताशी ८० ला हाच खर्च किलोमीटरला १२.५ वर येतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकलेली रोबोटॅक्सी उभ्या उभ्या बॅटरी खाते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते, म्हणून संगणकालाही पाण्याने थंड करावं लागतं.

आणि ज्या गाडीत माणूसच नाही तिथे १२ व्होल्टची एकच लाइन चालत नाही. मुख्य बॅटरी तुटली तरी स्टिअरिंग, ब्रेक आणि संगणक गाडी कडेला थांबेपर्यंत जिवंत राहायला हवेत. त्यासाठी दोन स्वतंत्र पुरवठे, स्टिअरिंग मोटरला दोन वाइंडिंग, ब्रेकला दुसरा ॲक्च्युएटर.

शेंगदाणा

भारतात मिळणाऱ्या एडासवाल्या (चालकाला मदत करणारी प्रणाली असलेल्या) गाड्या यात कुठे बसतात? त्या शिकतात का?

दिष्टधारा

एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या ० ते ५ पातळ्यांत त्या जास्तीत जास्त २ वर येतात: स्टिअरिंग आणि वेग गाडी सांभाळते, लक्ष ठेवायची जबाबदारी चालकाची. काचेमागचा कॅमेरा, बहुतेकदा पुढे एक रडार, आत आधीच ट्रेन केलेलं नेटवर्क. तुमच्या रोजच्या रस्त्यावरून ती काही शिकत नाही. लेनच्या रेषा पुसल्या असतील तर लेन-असिस्ट गुपचूप बंद होतो. डॅशबोर्डवरचं ते हिरवं चिन्ह राखाडी झालं का तेवढं बघत जा.

सातवा_गिअर

चुकतात कशा, हे नोंदवल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. चार प्रसंग, चारही अमेरिकेतले, आणि चारही वेगळ्या जातीच्या चुका.

टेम्पी, ॲरिझोना, १८ मार्च २०१८. उबरची चाचणीची गाडी (व्होल्वो, विजेची नव्हे). सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा मृत्यू. चौकशीत निघालं की सेन्सरांनी धडकेच्या ५.६ सेकंद आधीच तिला पाहिलं होतं. ताशी ७० च्या आसपास १०० मीटरहून जास्त अंतर होतं, थांबायला रग्गड. पण वर्गीकरण वाहन, इतर, सायकल असं बदलत राहिलं, आणि प्रत्येक बदलाला सॉफ्टवेअर तिचा आधीचा मार्ग विसरून जायचं. मार्गच नाही तर ती आडवी येते आहे हे कळणार कसं? झेब्रा क्रॉसिंगबाहेर माणूस रस्ता ओलांडेल हे गृहीतच धरलं नव्हतं. १.२ सेकंद उरले असताना धडक अटळ आहे हे कळलं, तर खोटे ब्रेक टाळण्यासाठी घातलेला एक सेकंदाचा थांबा आडवा आला. समोर लक्ष ठेवण्यासाठी बसवलेल्या चालकाचंही लक्ष रस्त्यावर नव्हतं.

फिनिक्स, ११ डिसेंबर २०२३. वेमोच्या दोन विनाचालक गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकाच पिकअपला धडकल्या. पिकअप टो करून उलटा, तिरका ओढत नेत होते. तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे. तोंड आहे तिकडेच वाहन जाणार, हा अंदाज दोन्ही गाड्यांचा एकसारखा चुकला, कारण सॉफ्टवेअर एकच. मुळात सगळ्या गाड्या सारख्या असण्याचा फायदा सांगितला होता, त्याची ही दुसरी बाजू. ४४४ गाड्यांसाठी रिकॉल निघाला.

सॅन फ्रान्सिस्को, २ ऑक्टोबर २०२३. दुसऱ्या गाडीने उडवलेली महिला क्रूझ कंपनीच्या विनाचालक इलेक्ट्रिक बोल्टसमोर पडली. गाडीने ब्रेक मारला, पण धडक बाजूने झाली असा चुकीचा निष्कर्ष काढून ती नियमाप्रमाणे कडेला जायला निघाली आणि महिलेला सुमारे २० फूट फरफटत नेलं. इथे ‘अपघातानंतर कडेला व्हा’ हा नियमच घातक ठरला.

फिनिक्स पुन्हा, मे २०२४. वेमोची रिकामी गाडी गल्लीत टेलिफोनच्या लाकडी खांबाला धडकली. खांब दिसला होता. पण तो रस्त्याच्याच पातळीवर होता, आणि त्याला धडकण्याचा ‘नुकसान गुणांक’ सॉफ्टवेअरमध्ये कमी लिहिलेला होता. ६७२ गाड्यांचा रिकॉल.

‘आणखी डेटा घाला’ हे उत्तर यातल्या दुसऱ्या प्रसंगाला थोडंफार लागू पडतं. बाकीच्या तिन्हींत माणसांनी हाताने लिहिलेली गृहीतकं आडवी आली.

अर्धवट_शहाणा

मग चाचणीत हे सापडत कसं नाही? किती किलोमीटर चालवलं की गाडी सुरक्षित म्हणायची?

रोहित्र (धागालेखक)

नुसतं चालवून सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे. २०१६ मध्ये रँड या संशोधन संस्थेने हिशोब मांडला. अमेरिकेत १० कोटी मैलांमागे १.०९ मृत्यू हे प्रमाण धरलं, तर गाडी त्याहून वाईट नाही हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला तिला एकही मृत्यू न होता २७.५ कोटी मैल चालावं लागेल. १०० गाड्या, दिवसाचे २४ तास, ताशी २५ मैल: साडेबारा वर्षं. आणि मधे सॉफ्टवेअर बदललं की काटेकोरपणे मोजणी पुन्हा शून्यापासून.

म्हणून सिम्युलेशन. रेकॉर्ड केलेला प्रसंग पुन्हा चालवायचा आणि आपल्या गाडीच्या जागी नवं सॉफ्टवेअर बसवायचं. पण रेकॉर्डिंगमधली इतर वाहनं भुतांसारखी असतात, तुमच्याकडे बघत नाहीत. नवं सॉफ्टवेअर जरा लवकर थांबलं की मागची गाडी खुशाल आत घुसते आणि आकडेवारीत अपघात नोंदला जातो. त्यामुळे इतर वाहनांनाही प्रतिसाद देणारी नेटवर्कं जोडावी लागतात, मग ती माणसासारखी वागतात का याची वेगळी परीक्षा.

दुसरा सापळा ‘ओपन-लूप’ गुणांचा: रेकॉर्ड केलेलं चित्र द्यायचं, नेटवर्कचा मार्ग चालकाच्या मार्गाशी किती जुळतो ते मोजायचं. २०२३ मध्ये न्यूसीन्सवर असं दाखवलं गेलं की कॅमेरे पूर्ण बंद ठेवून, फक्त गाडीचा स्वतःचा वेग आणि आधीचा मार्ग दिला, तरी गुण जवळपास तितकेच चांगले येतात. डेटातला मोठा भाग सरळ जाण्याचा. आत्ता जसे चाललोय तसेच पुढे जाणार, हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर. आंधळी गाडी पास!

याच दुखण्याचं दुसरं रूप ट्रेनिंगमध्ये दिसतं. नेटवर्कला स्वतःचा भूतकाळ दाखवला तर ते स्टॉपचा फलक बघून थांबायला शिकत नाही, ‘वेग कमी होत चालला आहे म्हणजे थांबायचं असणार’ असं शिकतं. स्वतः चालवताना वेग आधी कमी करायला कुणी नसतं. वेमोच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३ कोटी उदाहरणांवर शिकवूनही नुसतं अनुकरण पुरलं नाही. त्यांनी निम्म्या उदाहरणांत भूतकाळ पुसून टाकला, गाडीचा मार्ग मुद्दाम वाकडा करून सावरण्याची उदाहरणं बनवली आणि धडकेला वेगळा दंड लावला.

चिकटपट्टी

हे सगळं घरच्या फरशीवर बघता येतं. डाँकी कार नावाचा खुला प्रकल्प आहे. सामान: १/१० किंवा १/१६ मापाची आरसी (रिमोटवर चालणारी) गाडी (मोटरचा ईएससी, म्हणजे वेग नियंत्रक, आणि रिसीव्हर वेगवेगळे असलेली, एकाच बोर्डावर जोडलेली खेळण्यातली चालत नाही), रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक), वाइड-अँगल कॅमेरा, पीसीए९६८५ सर्वो बोर्ड, पायसाठी ५ व्होल्ट ३ अँपियरची वेगळी पॉवर बँक, आणि ट्रॅकसाठी रुंद चिकटपट्टी. पाय आणि मोटर एकाच बॅटरीवर ठेवू नका. मोटर सुटताना व्होल्टेज दबतं आणि पाय रीस्टार्ट होतो.

आधी सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) जुळवा. बोर्ड १२ बिटचा, ६० हर्ट्झवर एक आकडा म्हणजे ४.०७ मायक्रोसेकंद. ३७० टाकलं की १.५ मिलिसेकंद, ही मधली जागा. चाकं जमिनीपासून उचलून डावं-उजवं टोक शोधा आणि सर्वो गुरगुरायला लागला की दोन-चार आकडे मागे या. गुरगुरत ठेवला तर जळतो.

मग हाताने चालवून डेटा गोळा करा. चित्र १६० × १२०, सेकंदाला २०, सोबत स्टिअरिंग आणि थ्रॉटल. किमान १० फेऱ्या. ५ ते २० हजार चित्रं पुरतात. निम्म्या फेऱ्या उलट दिशेने घ्या, नाहीतर नेटवर्क ‘सारखं डावीकडे’ एवढंच शिकतं. आपटलात तर शेवटच्या १०० नोंदी पुसा. ट्रेनिंग लॅपटॉपवर करा, पायवर नको. तयार मॉडेलची फाइल परत गाडीवर टाकली की झालं.

शेंगदाणा

हे भारीच! पण असं सगळं केल्यावर ट्रेनिंगमधली चूक अगदी कमी दाखवते आणि गाडी मात्र पहिल्याच वळणाला भिंतीत जाते, हे का होतं?

चिकटपट्टी

तीन ठिकाणी बघा.

पहिलं, परीक्षेचा पेपर फुटलेला असतो. ट्रेनिंग आणि पडताळणीची चित्रं ८०-२० अशी चिठ्ठ्या टाकून वाटली जातात. सेकंदाला २० चित्रं असताना शेजारची दोन जवळजवळ सारखीच असतात; एक इकडे, एक तिकडे. पडताळणीला अख्ख्या फेऱ्या बाजूला काढा, खरी चूक तेव्हा दिसेल.

दुसरं, नेटवर्क पट्टी बघतच नसतं. खिडकीतला उजेड, सोफ्याचा पाय असं काहीतरी पकडून वळतं. चित्राचा वरचा एक तृतीयांश भाग कापून ट्रेन करा. मग पडदे लावून आणि उघडून दोन्हींत डेटा घ्या.

तिसरं म्हणजे रोहित्र यांच्या मूळ लेखातली गोष्ट. सगळ्या फेऱ्या सफाईदार असतात. चार-पाच फेऱ्या अशा घ्या: रेकॉर्डिंग बंद करून गाडी पट्टीबाहेर तिरकी न्यायची, मग रेकॉर्डिंग सुरू करून आत आणायची. क्रम उलटा झाला तर ती बाहेर जायलाही शिकेल.

चित्रं आरशासारखी उलटवून डेटा दुप्पट करायचा मोहही होतो. एकच मधली पट्टी असेल तर चालतं, स्टिअरिंगचं चिन्ह बदलायला विसरू नका. दोन लेनचा रस्ता आखून डावीकडून चालायचं ठरवलं असेल तर उलटवू नका, गाडी अर्धा वेळ समोरच्याच्या लेनमध्ये जाईल.

शेंगदाणा

पेपरच फुटलेला दिसतोय, ८०-२० चिठ्ठ्याच आहेत. शेवटच्या दोन फेऱ्या बाजूला काढल्या तर पुरे?

चिकटपट्टी

पुरे, पण एक सुलट आणि एक उलट दिशेची काढा.